खुंटीवरची माळ

८ जानेवारी १९८६, बुधवार

दादांनी आज परत मासे मागितले!

सासरे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासूनची. आमच्या घरात सुकटीचा कण कधी शिजला नाही. मासे खायचे तर मी शेजारच्या कुंदाच्या स्टोव्हवर शिजवायचे, आम्ही नवराबायकोने तिच्याच घरी जेवायचं, साबणाने हात घासून, चूळ भरून परत यायचं. एवढी वर्षं हे असं चोरासारखं चाललंय. आणि आज तेच दादा कॉटवर बसून, कुंदाच्या खिडकीतून वास आला तसं नाक वर करून म्हणतात, "गो बाय, बांगडो तळतंस? माका वाढ."

मी म्हटलं, दादा, तुमच्या गळ्यात माळ आहे. त्यांनी माळ चाचपली. म्हणाले, "ही कोणाची?"

मला हसू आलं. मग मोरीत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

१० जानेवारी, शुक्रवार

भात थुंकला. वरण थुंकलं. पेज हातानेच लोटली, गादीवर सांडली. दोन वर्षांपूर्वी विसरभोळेपणा सुरू झाला तेव्हा चष्मा, किल्ली, वार एवढंच विसरायचे. आता मुलगा विसरलेत. नंदकुमार (डायरीत नवऱ्याचं नाव लिहायला कसली लाज!) समोर येऊन बसले की दादा अंग चोरून घेतात, त्यांना वाटतं गिरणीतला जॉबर, त्यांचा जुना मुकादम, आलाय. मला 'बाय' म्हणतात. म्हणजे मी कोण, ते त्यांनाच ठाऊक.

दंड बघवत नाहीत. सदरा खुंटीला लटकावल्यासारखा अंगावर लटकतोय. मी ब्लाउज शिवते, मापं घेऊन डोळा तयार झालाय. टेप न लावता कळतं मला, माणूस किती उरलाय ते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दादांच्या हातावर तिळगूळ ठेवला, म्हटलं गोड बोला. म्हणाले, "बांगडो."

१७ जानेवारी, शुक्रवार

मुलुंडहून डॉक्टर आले होते. छाती पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या. म्हणाले, अंगात काही राहिलेलं नाही, असंच चाललं तर महिनाभरात अंथरूण धरतील. मी सांगितलं, काही खातच नाहीत, मागतात ते फक्त मासे, आणि ते माळकरी आहेत. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "अहो, मागतायत ना? मग द्या! आता पथ्य कसलं आणि माळ कसली. न खाणारा माणूस खायला मागतोय ही चांगली खूण आहे."

सोपं आहे त्यांना. ते पायऱ्या उतरून गेले.

१९ जानेवारी, रविवार

आज नंदकुमारांकडे विषय काढला आणि वाट लागली रविवारची.

"दादांना मासे द्यायचे? वेड लागलंय का तुला?"

मी म्हटलं, ते मागतायत.

"ते नाही मागत. आजार मागतोय. माझ्या बापाने काय सांगितलं होतं तुला आठवत नाही? जे माळ खुंटीला टांगून मासे खातात त्यांना ते काय म्हणायचे?"

आठवतं ना. खुंटीवरचे माळकरी! भजनातून आले की असल्या लोकांच्या नकला करायचे. एक हात जेवणाच्या ताटात, दुसरा खुंटीकडे. आम्ही पोट धरून हसायचो. शुद्धीतल्या दादांना विचारलं असतं तर त्यांनी माझ्या हातातलं ताट फेकून दिलं असतं, हे मला कबूल आहे. पण शुद्धीतले ते दादा आता कुठे आहेत? जेवायला तर हे बसलेत. उपाशी हेच आहेत. ह्यांनी कुठे शपथ घेतली होती?

हे मी बोलूनही दाखवलं. मग नंदकुमार एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "माळ माझ्यासाठी आहे ती. माहितेय ना तुला?"

माहिती आहे. सासूबाई असताना पुष्कळदा सांगायच्या. नंदकुमार तान्हे असताना तापाने फणफणले होते, वाचतात की नाही अशी गत. म्हणून दादांनी माळ घातली, मासे सोडले आणि एकुलता एक मुलगा वाचला. आता मुलगा बेचाळीस वर्षांचा, ट्रॉम्बेला फिटर, डोक्यावर टक्कल. तरी त्यांना वाटतं, त्या माळेवर आपण जगतोय. हसण्यासारखं आहे. पण मी हसले नाही.

"गावी मालनआतेला विचारूया का पत्र टाकून?" मी म्हटलं. मालनआते म्हणजे दादांची थोरली बहीण. तिच्याएवढं दादांना ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही.

"कशाला त्या म्हातारीच्या जिवाला घोर," म्हणाले. विषय संपला.

२२ जानेवारी, बुधवार

एक युक्ती केली. वांग्याचे काप आंबट-तिखट मिठात मुरवले, कोकमाचं आगळ लावलं, रव्यात घोळून तळले. अगदी बांगड्यासारखा रंग! दादांनी तुकडा तोंडात घातला, चावला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"ह्या वांगा मा! माका फसवतंस?"

पोराचं नाव विसरले, बायको गेली ते विसरले, पण बांगडा विसरले नाहीत. मग दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

दिले.

नंदकुमार कंपनीच्या बसला गेले. अकराच्या सुमाराला कोळीण आली. कुंदाकडे कालवण केलं. तिरफळं घालून, दादांच्या गावाकडे करतात तसं. मग दादांची आंघोळ घातली. अंग पुसताना त्यांनी मान खाली केली, आणि मी माळ काढली. डोक्यावरून अलगद निघाली. मणी झिजून गुळगुळीत झालेत. दोऱ्याचा गळ्यावर पांढरा वळ राहिलाय, तिथे ऊन कधी लागलंच नसेल. माळ खुंटीला अडकवली, आणि ताट वाढलं.

आधी वास घेतला. मग भात कालवला. चमचा धरता येत नाही ह्या माणसाला, शर्टाचं बटण लावता येत नाही. पण बांगड्याचा काटा असा सोडवला की मी बघतच राहिले. मधला कणा एका ओढीत बाहेर! बोटांना सगळं ठाऊक होतं. सगळा भात संपवला. परत मागितला. ताट बोटाने निपटलं.

मग भिंतीला टेकून मला म्हणाले, "बरा केलंस गो बाय." डोळ्यांत पाणी. तिखटाने असेल.

तोंड धुतलं, हात धुतले, माळ परत घातली. वाईट काही केल्यासारखं वाटलं नाही. खरंच नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

बुधवार आणि शुक्रवार. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवारी नाही, तेवढं मी पाळते. रविवारी नंदकुमार घरी असतात. कुंदा म्हणते, "काय गं सुलक्षणा, तू तर पक्की चोर झालीस! सासऱ्याला मासे आणि नवऱ्याला भेंडी!" आम्ही दोघी खूप हसलो.

दादा आता इतर दिवशीही पेज घेतात. संध्याकाळी नंदकुमार म्हणाले, "गालावर जरा तेज आलंय, नाही?" मी म्हटलं, डॉक्टरांचं टॉनिक.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादा आज गायले! जेवणानंतर मांडीवर ठेका धरून. अभंग होता, माशांच्या कालवणावर अभंग! मी कपाळाला हात लावला. पण आवाज काय लागला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय झालं ते नीट लिहायचंय.

दुपारी जेवायला बसले होते. आनंदात होते. अर्धा भात संपला असेल. एकदम हात ताटातच थांबला. दाराकडे बघायला लागले. दारात कोणी नव्हतं. मग त्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला – मी असा आवाज माणसाचा कधी ऐकलेला नाही.

"झील गेलो! माझो झील गेलो!"

झील म्हणजे मुलगा. मी म्हटलं, दादा, कोण गेलं? कुठे गेलं? छाती पिटायला लागले. तोंडातला घास थुंकला. ताट ढकललं. खरकट्या हातांनीच डोकं धरलं. कुंदा धावत आली, वरच्या मजल्यावरची माणसं आली. तासभर रडले, आणि मग रडता रडताच झोपले.

माळ खुंटीवर होती. मी ती घालायलाही विसरले होते.

त्यांना समजलं. कुठेतरी आत, जिथे काहीच उरलं नाही असं डॉक्टर म्हणतात, तिथे त्यांना समजलं की नवस मोडला. ज्या मुलासाठी मासे सोडले तो मुलगा आता वाचणार नाही. मी केलं हे! दोन घासांसाठी मी त्यांचा मुलगा त्यांच्या हिशेबात मारला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मासे बंद. कुंदाला सांगितलं, खिडकी लावून शिजव गं बाई. पण रडणं बंद होत नाही. उठले की रडतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नंदकुमारांना यायला आज उशीर झाला. नेहमीची बसची वेळ गेली, दिवे लागले. इकडे दादा "झील गेलो, झील गेलो" करतायत आणि तिकडे रस्ता रिकामा. मी शिकलेली बाई! देवधर्माचं फारसं करत नाही. पण गॅलरीत उभी राहून मी काय काय बोलले देवाला, ते लिहायची सोय नाही.

बस चेंबूरला बंद पडली होती. ते जिना चढून आले आणि मी त्यांचा शर्टच धरला. सगळ्यांसमोर. म्हणाले, "अगं काय झालं तुला?"

मग मी सगळं सांगितलं. माळ काढल्यापासूनचं सगळं.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. चपला काढायच्याही राहिल्या होत्या, तसेच उभे. मग म्हणाले, "तूच काढलीस? तुझ्या हाताने?" आणि दादांच्या कॉटजवळ जाऊन बसले. पाठ माझ्याकडे.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोलत नाहीत. नंदकुमार मी वाढलं ते जेवले, पण माझ्याशी बोलत नाहीत.

दिवसभर बापाच्या समोर बसून होते. "दादा, बघा, मी हय आसय. मी नंदू. माका काय झाला नाय." दादा ऐकतात. डोळे पुसतात. आणि विचारतात, "तू खयचो रे? माझ्या झिलाक बघलंस?" हात कॉटच्या कडेशी धरून दाखवतात, "इतकोसो होतो." नंदकुमारांनी तो हात घेऊन स्वतःच्या टकलावर ठेवला. "हाच तो! मोठा झालाय! हाच!" दादांनी हात काढून घेतला, जसा परक्या माणसाच्या डोक्यावरून काढून घ्यावा तसा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नंदकुमारांनी रजा टाकली. ट्रंकेतून आमच्या लग्नाचा फोटो काढला, शाळेतला एक फोटो काढला. दादांसमोर एकेक धरला. "हा कोण? हा मीच ना? मग मी मेलो कसा?" आवाज चढत गेला. मीही त्यांच्या बाजूने ओरडायला लागले, कारण मला हे सगळं पुसून टाकायचं होतं. "दादा, खोटं आहे ते! तुमच्या मनाचे खेळ आहेत!" दोघं मिळून ओरडत होतो आम्ही. दादा भिंतीकडे सरकत गेले. शेवटी मान हलवली, हो हो म्हणाले, आम्ही गप्प बसावं म्हणून. आम्हाला वाटलं, पटलं!

चहा पिता पिता परत सुरू झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुंदा म्हणते, नाही म्हणू नकोस, हो म्हण. रडत असतील तर तूही बस जवळ. मी तिच्यावर उखडले. जिवंत नवऱ्याचं रडायचं मी? माझ्या कपाळावर कुंकू असताना?

तिचा काय दोष. पण मला तिचा राग आला खरा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज दादा मोरीकडे निघाले. उठवत नाही, तरी भिंत धरून. सकाळची आंघोळ झालेली होती. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, "माथ्यार पाणी घालूचा आसा." कोणी गेल्याची बातमी आली की आपल्यात डोक्यावरून आंघोळ करतात, ती!

मी अंगावरच गेले त्यांच्या. "कोणी मेलेलं नाहीये! आंघोळ कसली? अभद्र काहीतरी!" तांब्या हातातून ओढून घेतला. ते तांब्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मगे, तेका असोच सोडू?"

मी त्यांना आणून कॉटवर बसवलं. थोडा जोर लावावा लागला. दंडावर माझ्या बोटांचे वळ उठलेत. मी कधी कोणावर हात टाकलेला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी गोळी दिली. "किती दिवस रडतील? त्यांना त्रास, तुम्हाला त्रास. शांत राहतील." नंदकुमारांनी विचारलं, दुसरं काही नाही का? डॉक्टर म्हणाले, "ह्या वयात दुसरं काय असणार?"

पेजेतून दिली. त्यांना न सांगता. आता काय, सवयच झालीये मला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शांत आहेत. रडत नाहीत. मासे मागत नाहीत. मान एका बाजूला पडते, लाळ गळते, मी पुसते. काटा सोडवणारी ती बोटं चादरीवर पडून असतात. नंदकुमार आज माझ्याशी बोलले. "बरं झालं, जरा आराम पडला," म्हणाले. कोणाला, ते दोघांनीही विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

छातीत घरघर आहे. ताप. गिळताना ठसका लागतो. डॉक्टर म्हणाले, "कफ झालाय, हॉस्पिटलात न्यायचं तर न्या, पण माझे वडील असते तर मी नेलं नसतं." नंदकुमारांनीही नको म्हटलं. गोळी बंद करू का, मी विचारलं. नंदकुमार डॉक्टरांना सोडायला जिना उतरले. मग आजची मी नाही दिली.

४ मार्च, मंगळवार

थोडे शुद्धीत होते. चमच्याने पाणी घेतलं. माळ बोटांत धरून होते. मी पायाशी बसून म्हटलं, दादा, चुकलं माझं. माझ्याकडे बघितलं. मला वाटतं बघितलं.

५ मार्च, बुधवार

दादा गेले. सकाळी.

८ मार्च, शनिवार

माणसं येतायत, जातायत. सगळे म्हणतात, किती केलंस गं सुलक्षणा, पोटची मुलगी एवढं करणार नाही. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, दुःखाने.

शेवटचे तीन आठवडे तो माणूस मुलगा मेला असं समजून जगला. मुलगा शेजारी बसलेला असताना! कोणी सांगेल का मला, ह्याहून वाईट काय करता येतं माणसाचं? उपाशी मेले असते तर माळेसकट मेले असते, शांतपणे. मी त्यांना जगवायला गेले.

१६ मार्च, रविवार

आज बारावा. मालनआते गावाहून आली. ऐंशीच्या घरातली बाई, एस्टीने रात्रभर बसून! सगळे जेवून गेल्यावर स्वयंपाकघरात ती आणि मी. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. मासे, माळ, नंदूसाठीचा नवस, आणि नंदू गेला म्हणून दादांचं रडणं.

आते ऐकत होती. मग म्हणाली, "नंदग्यासाठी? कोणी सांगल्यान तुका? माळ नंदग्याच्या आधीची. थोरलो होतो एक. लवू. तीन वर्साचो होवन तापान गेलो, गावाक. धाकू, तुझो सासरो, तेव्हा हय, म्हमयत. पगार झाल्लो, खोलयेत मासे हाडलले, जेवक बसलले, आणि दारात तार इली. तेच्यानंतर धाकून माशाक हात लावूक नाय. नंदगो झालो तशी तुझ्या सासवेन आमका सगळ्यांका शपथ घातली, ह्या घरात थोरल्याचा नाव काढूचा नाय, मागच्याक, नंदग्याक, दीठ लागात."

नंदकुमार दारात उभे होते. कधीपासून, माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दिसायला कसा होता?"

म्हणजे दादांना सगळं बरोबर आठवलं होतं. त्यांचा मुलगा खरंच गेला होता. आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडावर ओरडत होतो – खोटं आहे, कोणी मेलेलं नाही!